कमी सामान, कमी नोंदी, कमी सल्ले: बाळाचं पहिलं वर्ष सोपं कसं करायचं

पहिल्या मुलाच्या वेळी माझ्याकडे एक वही होती. तारीख, वेळ, डावी बाजू की उजवी, किती मिनिटं पाजलं, शी, शू, झोप कधी लागली, कधी मोडली. सातव्या आठवड्यात एका रात्री साडेतीन वाजता ती वही सापडेना म्हणून मी हुंदके देऊन रडले. बाळ पोटभर पिऊन शांत झोपलं होतं. नवरा म्हणाला, "अगं, मग वही कशाला हवीय आत्ता?" तेव्हा मला त्याचा भयंकर राग आला होता.

दुसऱ्या वेळी वही आणलीच नाही. लोक म्हणतात, दुसरं मूल सोपं जातं. माझी मुलगी अजिबात सोपी नव्हती, थोरल्यापेक्षा दुप्पट रडायची. सोपं झालं होतं ते तिच्याभोवतीचं सगळं.

ते कसं केलं, हे पायरीपायरीने लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. निवांत आईपण म्हणजे "होईल काय व्हायचं ते" नव्हे. मोजक्या गोष्टी इतक्या घट्ट धरायच्या की त्यावर चर्चासुद्धा नाही, आणि त्या धरता याव्यात म्हणून बाकीच्या पुष्कळ सोडायच्या. क्रम हाच ठेवा. आधी सोडायला लागलात तर नको ते सुटतं.

१. घट्ट धरायच्या गोष्टी कागदावर लिहा

माझा कागद सात ओळींचा होता आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता:

- झोपवताना दर वेळी पाठीवर, दुपारच्या डुलकीलाही. गादी सपाट आणि टणक. उशी, लोड, जाड पांघरूण, मऊ खेळणी यातलं काहीही जवळ नाही. बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागू द्यायचा नाही.
- वय तीन महिन्यांच्या आत आणि ताप ३८ अंश सेल्सियस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त: घरी औषध देऊन वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.
- लसी ठरलेल्या वेळी.
- सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नाही. वर्षापर्यंत मध नाही, चाटवण्यापुरताही नाही.
- पलंगावर, टेबलावर किंवा पाण्याजवळ एक क्षणही एकटं नाही.
- औषध डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलं, तेही मापाच्या सिरिंजने. घरातल्या चमच्याने नाही.
- कितीही रडलं, कितीही संताप आला, तरी बाळाला गदागदा हलवायचं नाही.

पहिल्या ओळीवर घरात सर्वात जास्त वाद होतात, म्हणून तिची गोष्ट सांगते. पूर्वी बाळांना पोटावर झोपवण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. पोटावर झोपण्याचा आणि झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूंचा संबंध लक्षात आल्यावर अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या वर्षांत तिथे अशा मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. ना यंत्र, ना औषध, फक्त बाळ कोणत्या बाजूला ठेवलं एवढंच. "आम्ही तुम्हाला पालथंच झोपवलं, काही झालं का?" असं कोणी म्हणालं की मी एवढंच सांगते.

मधाबद्दलही विचारणा होते. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांची डाळ शिजत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. थोडासा दिला तर चालेल का? नाही.

यात सापळा असा आहे की ही यादी फुगत जाते. पहिल्या वेळी माझी यादी एकोणीस ओळींवर गेली होती आणि त्यात "बाळाचे पांढरे कपडे वेगळे भिजवणे" हेही होतं. चुकल्यावर बाळाला खरोखर इजा होईल अशीच गोष्ट या कागदावर येऊ द्या. बाकी सगळं सैल सोडायचं.

२. सामान: आधी कमी आणा, अडलं तर आणा

प्रत्येक वस्तू घरात येताना आपलं काम सोबत घेऊन येते. ती पुसायची, जोडायची, चार्ज करायची, तिला जागा शोधायची. पहिल्या तीन महिन्यांत आम्हाला खरोखर लागलं ते एवढं:

- सपाट, टणक झोपायची जागा, आपल्याच खोलीत
- डायपर किंवा लंगोट, आणि भरपूर जुनी मऊ सुती कापडं
- सहा ते आठ अंगडी, समोरून उघडणारी (डोक्यातून घालायची नकोत)
- डिजिटल थर्मामीटर
- मापाची सिरिंज
- बाळाला अंगाशी बांधून फिरायचं कापड किंवा झोळी. बाळाचं नाक-तोंड मोकळं आणि आपल्याला दिसेल असं हवं, हनुवटी छातीला टेकलेली नको
- आईसाठी पाण्याची मोठी बाटली, एका हाताने उघडणारी

शेवटची वस्तू कुठल्याच यादीत दिसत नाही. माझ्या अनुभवात सर्वात जास्त वापरली गेली ती तीच.

चाकांचा वॉकर आणू नका. त्याने मूल लवकर चालायला शिकत नाही, उलट क्षणात जिन्यापर्यंत पोचतं. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. पाळण्याच्या कडेने बांधायचे मऊ गादीसारखे पट्टेही नकोत, कितीही गोंडस दिसले तरी. बाटल्या गरम करायचं यंत्र, ओले रुमाल गरम करायचं यंत्र, बाळाच्या आंघोळीसाठी वेगळा थर्मामीटर: कोपर बुडवून बघा, पुरतं.

आंघोळीवरून आठवलं. रोज घातलीच पाहिजे असं नाही. डायपरची जागा आणि मानेच्या घड्या रोज स्वच्छ केल्या, तर पहिल्या वर्षात आठवड्यातून तीनदा आंघोळ पुरेशी असते. तुम्हाला आणि बाळाला आवडत असेल तर रोज घाला. पण थकून डोळे मिटत असताना "आज आंघोळ राहिली" याचा जीवाला घोर लावून घेऊ नका.

३. एक पिशवी, दाराशी टांगलेली

हे एकदाच करायचं काम आहे. पिशवीत लसीकरणाचं कार्ड, दवाखान्यातून सोडतानाचा कागद (जन्माचं वजन त्यावर असतं), आई आणि बाळ दोघांचे रक्तगट, चालू औषधांची यादी, डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असलेल्या जवळच्या दवाखान्याचा नंबर. सगळ्याचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये. वर दोन डायपर आणि कपड्यांचा एक जोड.

जन्मनोंदणीचा दाखला तिथे नको, तो घरात जपून ठेवा. पिशव्या विसरतात.

४. सल्ल्याची दारं बंद करा, एक उघडं ठेवा

मी पहिल्या वेळी पाच ठिकाणांहून सल्ले घेत होते. एकीकडे "तीन तासांनी पाजा", दुसरीकडे "मागेल तेव्हा पाजा", तिसरीकडे "तीन तास म्हणजे सुरुवातीपासून की शेवटापासून" यावर भांडण. सल्ले वाईट नव्हते. पाच होते, हा घोळ होता.

बाळाच्या तब्येतीसाठी एकच डॉक्टर ठरवा, त्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी करा आणि पुढच्या भेटीत सगळे एकदम विचारा. आश्चर्य म्हणजे भेटीपर्यंत निम्मे प्रश्न आपोआप मिटलेले असतात. (वरच्या सात ओळींतलं काही असेल, बाळ पीत नसेल, श्वास घेताना त्रास होत असेल, किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल, तर भेटीची वाट बघायची नाही.) घरच्या वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा "डॉक्टरांना विचारते हं" हे वाक्य वापरा. समोरच्याचा मान राहतो आणि आपलं डोकंही शांत राहतं.

तुलनेचं दार तर कायमचं लावून टाका. "आमचा दहाव्या महिन्यात चालला" हे ऐकलं की पोटात खड्डा पडतो. त्यावर हे आकडे जवळ ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांवरून बांधलेले टप्पे २००६ मध्ये प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिने. नऊ महिन्यांहून मोठा पट्टा आहे हा, आणि त्याच्या दोन्ही टोकांची मुलं निरोगीच. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. माझा थोरला त्यांच्यातलाच. बसल्या बसल्या सरकायचा आणि एक दिवस उठून चालायला लागला. त्या मधल्या दोन महिन्यांत मी त्याला रांगायला शिकवण्यासाठी स्वतः किती रांगले, ते विचारू नका.

जमत असलेली गोष्ट बाळाने करणं सोडलं, किंवा दीड वर्षं झालं तरी चालत नसेल, तर डॉक्टरांना नक्की दाखवा. शेजारच्या मुलाला दात आले हे कारण पुरेसं नाही.

५. घड्याळाऐवजी बाळाकडे बघा

नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. वेळापत्रक बसवायचा प्रयत्न पहिल्या महिन्यात करूच नका, बसत नाही. भुकेच्या खुणा ओळखा: तोंड उघडून मान वळवणं, मूठ चोखणं, चुळबुळ. रडणं ही शेवटची खूण. तिथवर थांबलं तर चिडलेलं बाळ नीट पकडतही नाही.

"दूध पुरतंय का?" हा प्रश्न मला वहीने सोडवायचा होता. तो डायपरने सुटतो. साधारण पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त ओले डायपर आणि वजन वाढतंय, तर पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन उतरतं, जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत, आणि दहा ते चौदा दिवसांत बहुधा भरून निघतं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर चौथ्या दिवसाचा काटा बघून मी हादरले नसते. जास्त उतरलं किंवा भरून निघालं नाही तर मात्र डॉक्टरांकडे.

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध ही शिफारस आहेच. पण काही कारणाने पावडरीचं दूध द्यावं लागलं, तर अपराधी वाटून घेण्यात वेळ घालवू नका, तो वेळ डब्यावरची सूचना वाचण्यात घाला. पाणी आणि पावडरीचं प्रमाण तंतोतंत तेच ठेवा. पुरवून वापरण्यासाठी पातळ करणं बाळाला धोक्याचं आहे.

झोपेचंही तसंच. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला एकूण १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांत डुलक्या धरून १२ ते १६. ती सलग नसते. रात्री उठणारं बाळ बिघडलेलं नाही, ते बाळ आहे.

६. रडणं: आधी तपासा, मग सोसा, मग खाली ठेवा

रडणं दुसऱ्या महिन्यात वाढतं, साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला जातं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरतं. संध्याकाळी जास्त. कारण दर वेळी सापडत नाही, आणि सापडलं नाही म्हणजे तुम्ही चुकलात असं नाही.

माझा क्रम: भूक, डायपर, ढेकर, उकाडा की गारठा, कुठे धागा किंवा केस बोटाला गुंडाळलाय का (हे खरंच घडतं, पायाची बोटं बघा), ताप. सगळं ठीक असेल तर अंगाशी बांधून येरझाऱ्या. तरीही थांबत नाही आणि आपल्याच हातांची भीती वाटायला लागली, तर बाळाला त्याच्या सपाट जागेवर पाठीवर ठेवा, दार ओढा आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बसा. सुरक्षित जागी दहा मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे. अभिमान नाही, लाजही नाही.

७. कामं वाटू नका, जबाबदाऱ्या वाटा

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. माझा नवरा पहिल्या वेळीही "मदत" करायचा. "काय करू सांग" म्हणायचा, मी सांगायचे, तो करायचा. म्हणजे हात त्याचे आणि डोकं माझंच. डायपर संपत आले हे मी बघायचे, कुठले आणायचे मी सांगायचे, आणले का हे मी विचारायचे. मग त्याने नेमकं केलं काय? दुकानापर्यंत चालत गेला.

दुसऱ्या वेळी आम्ही विषयच वाटून घेतले. डायपर हा पूर्ण विषय त्याचा: किती उरले, कधी मागवायचे, माप कधी वाढवायचं, कचरा कधी बाहेर टाकायचा. लसी आणि डॉक्टरही त्याच्याकडे, तारखांसकट. कपडे माझे. पाजणं अर्थात माझं, पण पाजून झाल्यावर ढेकर काढून झोपवणं त्याचं.

याची किंमत अशी की सोपवल्यावर तोंड बंद ठेवावं लागतं. पहिल्या आठवड्यात त्याने डायपर सैल बांधला, रात्री गादी भिजली, त्यानेच ती बदलली, आणि त्यानंतर कधी सैल बांधला नाही. मी मागे उभी राहून "असं नाही, असं" करत बसले असते तर तो विषय तिसऱ्या दिवशी माझ्याकडे परत आला असता. सोपवून खोलीतून बाहेर जा. खरंच जा, दाराआडून ऐकू नका.

रात्रीचीही वाटणी करा. एकाने रात्री दोनपर्यंत, दुसऱ्याने नंतर, म्हणजे प्रत्येकाला चार-पाच तास सलग मिळतात. त्यासाठी दूध काढून ठेवलं तर ते साध्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला, चार दिवस राहतं. दारातल्या कप्प्यात ठेवू नका.

जोडीदार नसेल किंवा दूर असेल, तर "कधीही मदत लागली तर सांग" म्हणणाऱ्यांतला एक जण पकडा आणि ठरावीक वार, ठरावीक तास मागून घ्या. "मंगळवारी चार ते सहा येशील?" याला उत्तर मिळतं. "कधीतरी ये ना" याला मिळत नाही.

८. वरचं खाणं आणि खेळ

हे पटकन उरकते, कारण इथे करण्यासारखं कमीच आहे. सहा महिन्यांच्या आसपास, मान आणि पाठ सावरून बसता यायला लागलं की वरचं खाणं सुरू करा. काय द्यायचं आणि कधी, हे तुम्ही ठरवा. किती खायचं, हे त्याला ठरवू द्या. नवा पदार्थ थुंकला म्हणजे आवडत नाही असं नव्हे, दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. मागे धावत भरवणं आजच बंद.

खेळासाठी जागं असताना पोटावर ठेवा, तुमच्या नजरेसमोर, दिवसभरात मिळून अर्धा तास. भांडं, झाकण, तुमचा चेहरा एवढं पुरतं. वर्षाच्या आत स्क्रीन नको, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस आहे. आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोललात तर त्याचा बाऊ करू नका.

९. स्वतःबद्दल सैल राहू नका

बाळंतपणानंतर पहिल्या दिवसांत विनाकारण रडू येणं, चिडचिड होणं साधारण आहे. ते दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, बाळाजवळ जावंसं वाटेना, बाळ झोपलेलं असतानाही झोप येईना, किंवा आपण नसतो तर बरं असं मनात आलं, तर तो थकवा समजून थांबू नका. डॉक्टरांकडे गेल्यावर ते कदाचित दहा प्रश्नांचा एक कागद देतील. ही प्रश्नावली १९८७ साली तयार झाली आणि अजून जगभर वापरतात. तिची उत्तरं खरी द्या. मी पहिल्या वेळी "सगळं छान" या बाजूच्या खुणा केल्या होत्या, आणि पुढचे चार महिने त्याची भरपाई केली. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर तारीख घ्यायची वाट बघू नका, त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि दवाखाना गाठा.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. त्यांनी १९५३ मध्ये 'पुरेशी चांगली आई' अशी कल्पना मांडली. ही आई सुरुवातीला बाळाच्या गरजेशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते आणि बाळाला झेपेल तसं हळूहळू कमी जुळवून घेत जाते. तो कमीपणा बाळाच्या वाढीचा भाग आहे. मी हे वाचलं तेव्हा मुलगी मागे दोन मिनिटं कुरकुरत होती आणि मी चहा संपवत होते.

१०. कागद दर तीन महिन्यांनी बदला

फ्रिजवरचा कागद तसाच राहिला तर त्याकडे कोणी बघत नाही. सहा महिने झाले की वरच्या पाण्याचा भाग खोडा. बाळ पालथं व्हायला लागलं की पलंगाच्या ओळीखाली रेघ मारा. सरकायला लागलं की नव्या ओळी येतील: जिना, विजेचे सॉकेट, पाण्याने भरलेली बादली, बटणाएवढे सेल. वर्षाच्या वाढदिवसाला मधाची ओळ गेली. पाठीवर झोपवायची ओळ वर्षापर्यंत ठेवा. मात्र बाळ स्वतःहून दोन्हीकडे वळायला लागलं असेल, तर रात्रीतून दहादा उठून त्याला उलटं करत बसू नका. झोपवताना पाठीवर ठेवलंत, जागा सपाट आणि मोकळी आहे, की तुम्हीही झोपा.